हवाई जहाजाचा मिस्त्री आणि आमचा समाज

बारावीचे निकाल लागले की आमच्या दुकानाच्या गादीवर कापडापेक्षा मुलांच्या भवितव्याचीच चर्चा अधिक होते. लग्नसराई संपलेली असते, पेरणीच्या धांदलीत खेड्यातले गिऱ्हाईक बाजारात फिरकत नाही, आणि ओळखीची माणसे चहाच्या निमित्ताने येऊन सल्ला विचारतात. बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. डी.फार्मसी करावी की डी.एड., आयटीआयला घालावे की दुकानावर बसवावे, सौदीचा व्हिसा मिळतो आहे तर पाठवावे काय. यंदा मात्र एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये वीस वर्षे फिटरचे काम केलेले एक गृहस्थ आले, त्यांनी एक रंगीत माहितीपत्रक आमच्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "सेठ, बच्चा हवाई जहाज का मिस्त्री बनता बोल रा. युनिव्हर्सिटी में सीट मिल री. क्या करूं?"

दुसरा कोणता धंदा असता तर आम्ही तिथल्या तिथे बोललो असतो. या प्रश्नावर आम्ही गप्प बसलो. त्याचे कारण सांगायला संकोच वाटतो, पण ते सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याला अर्थ नाही.

२०१७ साली असाच एक बाप आमच्याकडे आला होता. मुलगा उर्दू ज्युनिअर कॉलेजातून सायन्सला चांगल्या गुणांनी पास झालेला. माहितीपत्रकावर विमानाचे चित्र, वर ठळक अक्षरांत 'युनिव्हर्सिटी' हा शब्द, आणि खाली शंभर टक्के नोकरीची हमी. आम्ही चित्र पाहिले, 'युनिव्हर्सिटी' शब्द पाहिला आणि भारावून गेलो. समाजातला मुलगा विमानाला हात लावणार! घाला म्हणालो. ऐंशी हजार रुपये कर्जे-हसना म्हणून आम्हीच दिले, बाकी त्या गृहस्थांनी घरातले सोने विकून उभे केले. दोन वर्षांनी मुलगा सर्टिफिकेट घेऊन मुंबईला मुलाखतीला गेला, तेव्हा त्याला पहिलाच प्रश्न विचारण्यात आला की, तुमच्या संस्थेला डीजीसीएची मान्यता कोणत्या वर्गासाठी आहे? मान्यता कोणत्याच वर्गासाठी नव्हती. ते सर्टिफिकेट म्हणजे चांगल्या कागदावरची छपाई होती. संस्थेचे नाव आणि गाव आम्ही घेत नाही. आज तो मुलगा फ्रिज-एसी दुरुस्तीचे काम करतो, हाताला चांगला आहे. त्याचे वडील महिन्याला एक हजार रुपये आमच्या दुकानी आणून देत. राहू द्या म्हटले तरी ऐकले नाही. दरवेळी ती नोट गल्ल्यात टाकताना आमची मान खाली जात असे, कारण फसवणूक दुसऱ्याने केली असली तरी 'घाला' हा शब्द आमच्या तोंडचा होता.

म्हणून या वेळी आम्ही त्या फिटर भाईंना पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि स्वतः चौकशी केली. जाणकारांना फोन केले, एकदा नागपूरला जाऊन आलो. त्या चौकशीतून जे हाती लागले ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, या धंद्यात पदवी आणि परवाना या दोन निरनिराळ्या चिजा आहेत. पदवी विद्यापीठ देते. परवाना भारत सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. विमान दुरुस्त करून ते उड्डाणास योग्य आहे अशी सही करण्याचा अधिकार परवान्याने मिळतो, पदवीने नाही. मुंबई विद्यापीठाची एरोनॉटिक्समध्ये बी.एस्सी. आहे. केंद्र सरकारने २०१३ च्या कायद्याने उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या फुरसतगंजला राजीव गांधी यांच्या नावाने खास विमान वाहतुकीचे विद्यापीठही काढले आहे. या पदव्यांचा उपयोग आहेच. पुढे एखाद्या मुलाला दुसरीकडे वळावेसे वाटले तर पदवीधर म्हणून त्याला दारे उघडी राहतात. पण हँगरमध्ये त्याला विचारतील ते परवान्याचेच. परवान्यासाठी शिकवणाऱ्या संस्थेला डीजीसीएची वेगळी मान्यता लागते. तिला या क्षेत्रात 'कार १४७' म्हणतात आणि परवान्याच्या नियमांना 'कार ६६'. हे दोन आकडे प्रत्येक बापाने पाठ करावेत, इतके ते महत्त्वाचे आहेत. डीजीसीएकडे मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, तीत नाव आहे काय आणि असल्यास मान्यता कोणत्या वर्गाची व कुठवरची आहे, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे आम्ही २०१७ साली काढली नाहीत.

वर्ग म्हणजे काय तेही सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. 'ए' हा खालचा वर्ग, नेहमीच्या छोट्या देखभालीचा, आणि सही फक्त स्वतः केलेल्या कामावर. 'बी-१' म्हणजे विमानाचा सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक व विजेच्या यंत्रणा. 'बी-२' म्हणजे रेडिओ, रडार, दिशादर्शक उपकरणे वगैरे, ज्याला एव्हिऑनिक्स म्हणतात. 'सी' वर्गाचा माणूस मोठ्या देखभालीनंतर संपूर्ण विमान सोडण्याची सही करतो. आता 'बी-१' मध्येही पोटभेद आहेत. बी-१.१ हा जेट किंवा टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी, तर बी-१.२ हा पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांसाठी. इंडिगो आणि एअर इंडियाची विमाने पहिल्या प्रकारात येतात. एखादी संस्था अगदी खरी, मान्यताप्राप्त असेल, पण तिची मान्यता फक्त दुसऱ्या प्रकाराची असेल, तर मुलगा फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांपुरता तयार होईल. आमच्या धंद्यात सुती सांगून टेरिकॉट देणारा लबाड म्हटला जातो. पण गिऱ्हाइकाने कापडाचा प्रकारच विचारला नाही, तर दुकानदार आपणहून किती सांगणार?

येथे एक गोष्ट कापडवाले म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले. ते ज्या पस मॉथ विमानातून आले त्याच्या अंगावर पत्रा नव्हता, कापड होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. त्या काळी विमानाच्या दुरुस्तीत शिलाईचे कामही असे. परवान्याच्या अभ्यासक्रमात लहान विमानांसाठी कापडी आवरणाचा भाग आजही ठेवलेला आहे. तेव्हा हे काम आमच्या बापजाद्यांच्या हुनरापासून फार लांबचे आहे असे कोणी समजू नये. असो.

मग आमच्या कारागिराला अडते कुठे? हुनरात अडत नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधले फिटर, कदीम जालन्यातले गॅरेजवाले, वेल्डर, लेथवाले, मोटार वाइंडिंग करणारे, यांच्या हातातले कसब कोणाही उस्तादाला मान डोलवायला लावील. सच्चर समितीने २००६ साली जो अहवाल दिला त्यातही मुसलमानांचा मोठा हिस्सा स्वतःच्या लहान-मोठ्या धंद्यावर जगतो हे नोंदले गेले. पण आमचे हुनर अंदाजावर चालते आणि त्याचा कागद नसतो. गॅरेजमधला उस्ताद बोटांत बोल्ट धरून 'बारा नंबर' सांगतो, आणि दहापैकी नऊ वेळा बरोबर असतो. त्या दहाव्या वेळेचे काय होते, याचा एक किस्सा सांगतो.

१० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचे एक विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघाले. सतरा हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच उडाली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर फेकला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथँप्टनला उतरवले. कप्तानासकट सर्व माणसे वाचली. चौकशीत काय निघाले? ती काच उड्डाणाच्या थोडे आधी रात्रपाळीत बदलली होती. बदलणारा कोणी शिकाऊ नव्हता. पाळीचा मुख्य, अनुभवी माणूस होता. त्याने जुना बोल्ट हातात घेतला आणि डब्यातल्या नव्या बोल्टांशी डोळ्याने जुळवून पाहिला. स्टोअरच्या माणसाने बरोबरचा नंबर सांगितलाही होता. नव्वदपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट जाडीला कमी निघाले. किती कमी? पाऊण मिलिमीटरही नाही. उरलेले सहा लांबीला तोकडे. आणि गंमत अशी की, ज्या जुन्या बोल्टांशी त्याने ताडून पाहिले तेच मुळात चुकीचे होते.

आमच्यातला कोणताही मिस्त्री हे ऐकून म्हणेल की, हे तर आम्ही रोज करतो. होय, आणि मोटारसायकलीला ते चालूनही जाते. विमानाच्या कामात मात्र पुस्तकात लिहिलेला नंबर, ठरलेल्या जोराने आवळणारा पाना, आणि त्या पान्याचीही ठराविक मुदतीने तपासणी लागते. काम संपल्यावर पेटीतले प्रत्येक हत्यार मोजून जागेवर गेले पाहिजे, एक पाना कमी भरला तर विमान थांबते. केलेले काम लिहावे लागते आणि त्याखाली सही करावी लागते. व्यापाऱ्याला रोजकीर्द, तसे या धंद्यात लॉगबुक: तारीख, विमान, काम, आणि ज्याच्या देखरेखीखाली केले त्याची सही. ती सही म्हणजे अमानत आहे. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते घडवीत, आणि कड्या मापात बसवण्याची ताकीद त्यांना होती, हे आपण मशिदीत कितीदा ऐकले असेल! मापाचा हा धडा आमच्या गॅरेजांत उतरला नाही, ही तक्रार आम्ही दुसऱ्या कोणाकडे घेऊन जाणार?

आणखी एक विषय या शिक्षणात आहे, जो ऐकून आम्ही थक्क झालो. त्याला 'ह्यूमन फॅक्टर्स' म्हणतात. माणूस थकला, घाईत असला, वरच्याच्या दबावाखाली असला की चुका कशा करतो, हे शिकवतात आणि त्याची परीक्षा घेतात. वरिष्ठ 'सही कर, विमान सोड' म्हणाला तरी न पटल्यास नाही म्हणता आले पाहिजे, हा त्यातला धडा आहे. आमच्याकडे शागिर्दाने उस्तादाला नाही म्हटले तर कानाखाली बसते. ही जुनी सवय घेऊन गेलेल्या मुलाला हा पेपर गणितापेक्षा अवघड जाईल असे आम्हाला वाटते.

प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, किंवा इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांना हा रस्ता बंद आहे, तेव्हा हा विचार अकरावीतच व्हावा. ज्याला रंग ओळखण्यात दोष आहे त्याला तारांच्या कामात अडचण येते, डोळे आधी तपासून घ्यावेत. परीक्षा पर्यायी उत्तरांच्या असतात, परंतु उत्तीर्ण होण्यास शंभरात पंच्याहत्तर गुण लागतात. पस्तीसला पास होण्याची सवय लागलेल्या मुलाला हे घरातच नीट समजावले पाहिजे.

आणि इंग्रजी. आम्ही स्वतः उर्दू माध्यमातले, बँकेचा फॉर्म भरताना अजून हात अडखळतो, तेव्हा ही भीती आम्हाला कोणी सांगायला नको. नियमच असा आहे की, देखभालीचे पुस्तक ज्या भाषेत आहे ती भाषा वाचता, लिहिता व समजता आल्याशिवाय सहीचा अधिकार वापरता येत नाही. येथे आमची मुले कच खातात. पण जाणकारांकडून एक गोष्ट कळली तिने धीर आला. विमानाची ही पुस्तके जगभरचे लोक वाचतात, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही. म्हणून विमान उद्योगाने मुद्दाम एक सोपे तांत्रिक इंग्रजी ठरवून घेतले आहे. त्यात मंजूर केलेले सर्वसाधारण शब्द नऊशेच्या आसपास, वर तांत्रिक नावे. एका शब्दाचा एकच अर्थ, आणि कामाची सूचना देणारे वाक्य वीस शब्दांहून लांब नाही. हे शेक्सपिअरचे इंग्रजी नाही. रोज दहा शब्द धरले तर तीन-चार महिन्यांत ते नऊशे शब्द तोंडपाठ होतात. आमच्या उर्दू शाळांतल्या एखाद्या शिक्षकाने उन्हाळ्याच्या सुटीत एवढे मनावर घेतले तर काय बिघडेल?

आता कडू भागही सांगितला पाहिजे, नाहीतर आमच्यात आणि त्या रंगीत माहितीपत्रकात फरक राहणार नाही. मान्यताप्राप्त कोर्स आणि सगळे पेपर झाले तरी बी वर्गाचा परवाना लगेच हातात पडत नाही. चालू विमानांवर प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, साधारणपणे दोन वर्षांचा. तो मिळवण्यासाठी मुले मुंबई, दिल्ली, हैदराबादचे उंबरठे झिजवतात आणि हेल्परच्या पगारावर राहतात. परवाना मिळाल्यावर पुन्हा विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. एअरबस ए-३२० वर सही करणारा बोइंग ७३७ वर करू शकत नाही. म्हणजे बारावीनंतर पाच-सहा वर्षे तरी घरात मोठा पैसा येणार नाही असे धरून चालावे. ज्या घरात धाकटी भावंडे आहेत आणि कमावणारा एकच आहे, त्या घराने हे नीट मोजावे. आखाताचे स्वप्न असेल तर तेथील सरकारांचे परवाने वेगळे आहेत, आपला जशाचा तसा चालेलच असे नाही.

काम मात्र आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमाने येत राहतील आणि प्रत्येकाला देखभाल लागेल. देखभालीच्या सेवेवरचा जीएसटी २०२० साली अठरा टक्क्यांवरून पाच टक्के झाला, हे आमच्या व्यापारी वाचकांना मुद्दाम सांगतो. आपल्या कापडासाठी आपण इतकी वर्षे ओरडलो तरी असे भाग्य वाट्याला आले नाही! नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेले देखभाल केंद्र २०१५ पासून आहे. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली, पण देखभालीची कंपनी त्या सौद्यात गेली नव्हती. शेजारीच इंडामेरचे केंद्र आहे. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये फ्रान्सच्या दासो कंपनीच्या सहकार्याने विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा कोर्स निघाला आहे. तो बांधणीचा कोर्स आहे, परवान्याचा नाही. पण ज्या घराला लाखांची फी झेपत नाही त्याने त्याची चौकशी अवश्य करावी. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स आहे, तेथे आयटीआयच्या मुलांना अप्रेंटिस म्हणून घेतात. समृद्धी महामार्गामुळे आता जालन्याची गाडी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला नागपुरात असते. लांब आहे ही सबब राहिली नाही.

पैशाचा प्रश्न शेवटी आमच्याकडेच येतो. फी लाखांत आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची योजना आहे, बँकाही देतात. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारून सोडवावा. पण जालन्याच्या बाजारात एका वलीम्यावर जेवढा खर्च होतो तेवढ्यात एका मुलाची वर्षाची फी भरून उरेल, हे आम्ही हिशेबाने सांगतो. आमच्याही घरच्या लग्नात तो झाला आहे, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. सभांतून आपण कलामसाहेबांचे नाव घेतो. त्यांच्या मद्रासच्या प्रवेशासाठी बहीण झोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, आणि शिक्षणानंतर ते बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये शिकाऊ म्हणून विमानाच्या इंजिनांच्या दुरुस्तीचे काम शिकले. सभेत हा भाग कोणी सांगत नाही.

आम्ही सराफा आणि कापड बाजारातल्या चार मित्रांशी बोललो. ठरले ते असे: तीन-तीन दुकानदारांनी मिळून एका मुलाची जबाबदारी घ्यायची, कर्जे-हसना म्हणून. पैसा बापाच्या किंवा एजंटाच्या हाती रोख द्यायचा नाही, संस्थेच्या खात्यात चेकने आणि एकेका सत्राचाच भरायचा. पुढच्या सत्राचा चेक मुलाच्या मागच्या पेपरांचे गुण पाहून. परतफेड परवाना मिळून पहिला पगार झाल्यावर सुरू, त्याआधी एक पैसा घ्यायचा नाही. जो घरचा गरजू असेल त्याच्यासाठी जकातीतून काय करता येते ते मौलाना साहेबांना विचारले आहे. मुली आल्या तर त्यांनाही हाच नियम; हँगरमध्ये मुली काम करताना आम्ही नागपूरला डोळ्यांनी पाहिल्या.

त्या फिटर भाईंच्या माहितीपत्रकाचे काय झाले, असे वाचक विचारतील. ती संस्था खरी निघाली, मान्यताही आहे, पण मान्यता बी-१.२ ची. मुलाला आम्ही ते समजावून सांगितले. त्याने दुसऱ्या दोन संस्थांची नावे यादीतून स्वतः काढली आणि त्यांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून घेतले: कोणता वर्ग, मान्यता कधीपर्यंत, प्रत्यक्ष काम कोणत्या विमानांवर, मागच्या तुकडीतल्या किती मुलांना परवाना मिळाला. येत्या सोमवारी बाप-लेक निघणार आहेत, आणि सोबत २०१७ चा तो एसीवाला मुलगाही जाणार आहे. आम्ही सांगितले नव्हते, तोच म्हणाला की, कागद मी बघतो. त्याच्या वडिलांचे शेवटचे हजार रुपये गेल्या रमजानात फिटले.

ज्या वाचकांची मुले या कामात आहेत त्यांनी आपला अनुभव या साप्ताहिकाच्या पत्त्यावर व्यापार पानासाठी कळवावा. संस्थेची फी आणि अनुभवाची दोन वर्षे कुठे काढली, एवढे दोन ओळींत लिहिले तरी पुरे.